दोन बोटं उंच टाच

आपले बूट टाकायला नुरहानने पिशवीचं तोंड उघडलं आणि तिचा हात तसाच राहिला. पांढरा दगड जिथे सुरू होतो, तिथल्या बुटक्या भिंतीपाशी तिच्या बाबांचे बूट ठेवलेले होते.

बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते.

काळ्या बुटांचा काय तोटा आहे जगात, असं तिने स्वतःला बजावलं. पामुक्कालेच्या गरम झऱ्यांच्या या पांढऱ्या पायऱ्यांवर अनवाणीच उतरायचं असा नियम, चुकून कुणी बुटासकट पाय टाकलाच तर रखवालदार शिट्टी वाजवून कान किटवतो. तेव्हा कडेला बूट असायचेच. पण या जोडातल्या उजव्या बुटाची टाच डाव्यापेक्षा दोन बोटं उंच होती. कातड्याचे थर एकावर एक बसवून, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेली. नाझिल्लीच्या बाजारात चाळीस वर्षं बूट शिवणाऱ्या इलियास उस्तादांचा, म्हणजे तिच्या बाबांचा, उजवा पाय लहानपणापासून आखूड होता, आणि अशी टाच त्यांनी जन्मात एकाच माणसासाठी केली होती, स्वतःसाठी. नुरहान खाली बसली. डाव्या बुटाची जीभ तिने दोन बोटांनी उलटी केली. आतून लाल कातड्याचं ठिगळ होतं. तिच्या शाळेच्या दप्तराचं.

हातपाय गार पडले, आणि पाच पावलांवर ऊन ऊन पाणी खळखळत वाहत होतं.

"अगं, बसलीस काय तिथे? ये की," आईने हाक मारली.

नेझाहतबाई गरम पाण्याच्या पाटात गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. मोहल्ल्यातल्या बायकांनी मिनीबस केली म्हणून नुरहानने त्यांना बळेच आणलं होतं. बाकीच्या बायका वरचं पडकं नाट्यगृह बघायला गेल्या होत्या. सकाळपासून आईचा एकच पट्टा चालू होता. जुन्या काळी लांबलांबून आजारी माणसं या पाण्यासाठी इथे यायची, असं कुणीतरी सांगितलं, तर या म्हणाल्या, पाणी इतकं गुणाचं असतं तर वर मैलभर थडगी कशाला लागली असती? शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही आता तेच ऐकवणं चाललं होतं.

"आले," नुरहान म्हणाली, आणि पिशवी सरकवून तिने बूट झाकले. आईच्या नजरेला हे पडता कामा नये, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं.

कारण हे बूट चोरीला गेले होते, आणि ते नेणाऱ्याला नेझाहतबाई चौदा महिने न चुकता शिव्याशाप देत आल्या होत्या.

तो दिवस नुरहानला पाठ होता. बाबा दोन महिने अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी हात टेकले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी नुरहानला जवळ बोलावून हळूच सांगितलं, तहसीनला फोन लाव. तहसीन त्यांचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांपूर्वी, नुरहानच्या साखरपुड्यात, दोन पेले जास्त झाल्यावर नवऱ्याकडच्या पाहुण्यांसमोर तो म्हणाला होता, "लंगड्याच्या घरात पोरगी तरी सरळ चालणारी निघाली, नशीब समजा." पाहुणे हसले. बाबांनी हातातला पेला खाली ठेवला आणि एक शब्द बोलले नाहीत. बोलली ती आई. या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं तिने भर मांडवात दिराला सुनावलं. त्यानेही ठेवला नाही. भाऊ भावाला पारखा झाला तो झालाच.

नुरहानने त्या संध्याकाळी फोन केला. "काका, बाबा तुमची आठवण काढतायत. फार वेळ नाही आता." पलीकडून काही उत्तर आलं नाही, नुसता श्वास ऐकू आला, आणि फोन बंद झाला. आई म्हणाली, नाही यायचा तो. बाबांना मात्र खात्री होती. सकाळी उठल्याबरोबर त्यांनी हट्ट धरला, माझे बूट पुसून चकचकीत कर आणि बाहेर पायरीवर ठेव, टोकं रस्त्याकडे करून. तहसीन फाटकात आला की मी उठणार, बूट घालणार आणि चालत त्याच्यासमोर जाणार. ज्याला कूसदेखील बदलता येत नव्हती तो माणूस हे बोलत होता. नुरहानने रडू आवरत बूट पुसले आणि पायरीवर ठेवून दिले. तेवढंच त्यांचं समाधान.

दहा वाजता पाहिलं तर बूट गायब.

बाबा गेले दुपार कलल्यावर, असरची अजान होता होता. शेवटपर्यंत डोळे दाराकडे. मेलेल्याचे बूट दाराबाहेर, टोकं रस्त्याकडे करून ठेवायचे, कुणी गरजवंताने ते उचलून न्यायचे, ही रीत कुणाला चुकली आहे? पण ज्याने गावाच्या पायात बूट घातले, त्याच्या दारात त्याच्या मरणाच्या दिवशी ठेवायला एक जोड नव्हता. शेवटी जुन्या सपाता ठेवल्या. आईने कपाळ बडवून घेतलं, "मेल्याला माझा माणूस मरेपर्यंतसुद्धा दम निघाला नाही." दुसऱ्या दिवशी जनाज्यापुढे इमामांनी विचारलं, या माणसाकडे कुणाचं काही राहिलं असेल तर तो हक्क माफ करता का? सगळ्यांनी तीनदा सांगितलं, माफ केला. ज्याच्या तोंडून ते निघायला हवं होतं तो सख्खा भाऊ तिथे नव्हता. बाबा त्याचं ओझं घेऊनच गेले असं नुरहानला वाटत राहिलं, आणि काकाला ती मनातून कधी माफ करू शकली नाही.

आता तो चोर इथेच कुठेतरी पाण्यात पाय बुडवून बसला होता. नुरहानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. येऊ दे मेल्याला, चार माणसांत कॉलर धरते, असं ठरवून ती भिंतीवर बसून राहिली.

पाऊण तासाने एक म्हातारा पायऱ्यांवरून वर आला. डोक्यावर कापडी टोपी, पांढरी दाढी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ऊन पाठीमागून येत होतं, तोंड नीट दिसलं नाही. नुरहानने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय धड होते. तो अनवाणी अगदी सरळ चालत आला, "पोरी, जरा पिशवी घेतेस का?" म्हणाला, रुमालाने एकेक बोट पुसलं आणि बूट चढवले. नाडी बांधली. मग उठून चालू लागला, आणि लंगडू लागला.

कॉलर धरायची राहिली बाजूलाच. उजव्या पायावर किंचित थबकायचं, डावा खांदा पुढे टाकायचा, मग झोल सावरायचा. पाठमोरे बाबा चालले होते. शाळेतून येताना बाजारात हजार माणसांत ती ज्या चालीवरून त्यांना ओळखायची तीच ही चाल, आणि ती थडग्यांच्या वाटेला लागली होती.

आईला "पाणी घेऊन येते" एवढं कसंबसं सांगून ती त्याच्यामागे निघाली. जुन्या नगराच्या वेशीबाहेर दुतर्फा दगडी पेट्या उघड्या पडल्या आहेत, कुणाचं झाकण सरकलेलं, कुणाचं फुटलेलं, मधून रानगवत वाढलेलं. ऊन रणरणत होतं, वाटेवर चिटपाखरू नव्हतं. म्हातारा एका पेटीच्या सावलीत टेकला आणि उजव्या कमरेवर हात दाबून बसला. नुरहान समोर जाऊन उभी राहिली.

"हे बूट माझ्या बाबांचे आहेत," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माहीत आहे, नुरहान," तो म्हणाला.

तहसीनकाका! साखरपुड्यातला तो धिप्पाड, मिशीवर ताव मारणारा ट्रक ड्रायव्हर कुठे आणि हे वाळलेलं खोड कुठे. तिला एकाच वेळी शिव्या द्याव्याशा वाटल्या आणि मटकन खाली बसावंसं वाटलं.

"तुम्ही आला नाहीत," ती म्हणाली. "ते वाट बघत होते, आणि तुम्ही आला नाहीत."

"आलो होतो."

मग त्याने सांगितलं, खाली मान घालून, अडखळत. फोन ठेवल्यावर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटेची पहिली बस धरली. वाटेत पाठ करत होता, दादा, मी जनावर होतो, मला माफ कर. नऊ वाजता फाटकातून आत शिरला, आणि पायरीवर बूट दिसले. पुसलेले, चकचकीत, टोकं रस्त्याकडे. आतून एक बाई यासीन, मयताच्या घरी वाचतात ती कुराणातली सुरा, वाचत होती, ते ऐकू येत होतं.

"आणखी काय बघायचं होतं?" तो म्हणाला. "जिवंत भावासाठी मी वहिनीचा हुकूम मोडला असता, पोरी. तिच्या पायावर डोकं ठेवून आत गेलो असतो. मेलेल्यासाठी कुठल्या तोंडाने आत जाऊ? बूट कुणीतरी नेणारच होतं. परक्याच्या पायात जायचे ते, म्हणून मीच उचलले."



यासीन शेजारच्या हाजराबाई वाचत होत्या, बाबांच्या जिवाला आराम पडावा म्हणून. बाबा ऐकत होते. नऊ वाजता बाबा जिवंत होते, शुद्धीवर होते, उशीला टेकून दाराकडे बघत होते. दार आणि अंथरूण यांत दहा पावलांचं अंतर होतं. आणि ते बूट तिथे, टोकं रस्त्याकडे करून, तिनेच ठेवले होते. स्वतःच्या हाताने पुसून. जिवंत माणसाचे बूट असे ठेवू नयेत हे शेंबड्या पोरालाही कळतं, मग तिला का कळलं नाही?

"तेव्हापासून हेच घालतो," काका सांगत होता. तो खाली काराहायित गावात मुलीकडे राहत होता. "कंबर गेली माझी. डॉक्टर ओरडतात, मुलगी ओरडते. रोज इथे येऊन शेकतो आणि परत हेच घालतो. ज्याला लंगडा म्हटलं त्याच्यासारखं चालून तर बघू, म्हटलं, किती दुखतं ते." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "एक विचारू? दादा कधी गेला? मला किती उशीर झाला?"

खरं सांगावं तर हा माणूस इथेच कोसळेल. खोटं बोलायला जीभ उचलेना. काका तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि जसजसा वेळ जात होता तसतशी त्याच्या चेहऱ्यावर एक भलतीच शंका उमटत होती.

मागे काठीचा आवाज आला.

नेझाहतबाई वाटेवरून येत होत्या. अनवाणी, परकर भिजलेला, डोक्यावरचा रुमाल सुटलेला. ज्या बाईला घरातून फाटकापर्यंत जायला हात द्यावा लागे ती खडीवरून एकटी चालत आली होती. तिनेही ती चाल पाहिली होती. पन्नास वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो पाठमोरा चालत गेला, तर कुठली बाई पाटात पाय सोडून बसून राहील? ती जवळ आली, दिराच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. नुरहानला वाटलं, आता इथे आकांत होणार.

काका धडपडत उठला. "वहिनी," तो म्हणाला, "मी त्या दिवशी आलो होतो. बूट बघून परत गेलो. देवाच्यान सांगतो. एवढंच सांगा, दादा कधी गेला?"

आई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. धाप लागली होती, ती ओसरू दिली.

"पहाटे," ती म्हणाली. "अजानच्या आधी. तुम्ही वाटेत असाल तेव्हा."

"मग बूट..."

"मीच ठेवले होते. रीतच आहे ती."

नुरहान आईकडे बघतच राहिली. आईने तिच्याकडे पाहिलं नाही. भावजी, ती म्हणाली, त्यांनी तुम्हाला माफ केलं होतं, माझ्यादेखत केलं होतं. हे मात्र खरं होतं, शेवटच्या आठवड्यात बाबा दिवसातून दहादा तेच बोलत होते. म्हाताऱ्याने तोंडावर टोपी धरली आणि हुंदके देत रडला. बऱ्याच वेळाने त्याने हात पसरून दुवा मागितली, आणि दादाकडे माझं जे काही असेल ते सगळं माफ, असं तीनदा, मोठ्याने, त्या उघड्या थडग्यांमध्ये उभं राहून म्हटलं. आईने त्याला ईदेला घरी जेवायला बोलावलं. "आणि येताना धड बूट घालून या," असंही सुनावलं. "कंबर मोडलेला पाहुणा मला नको." तो हसला, डोळे पुसले, आणि मुलगी वाट बघत असेल म्हणून खालच्या फाटकाकडे निघाला. ती चाल दिसेनाशी होईपर्यंत दोघी बघत राहिल्या.

मग नुरहानचा बांध फुटला. आईला दगडाच्या कडेवर बसवून ती तिच्या पायाशी बसली, आणि रुमालाने तिचे रक्ताळलेले तळवे पुसता पुसता भडाभडा बोलत सुटली. मी ठेवले ते बूट, आई. मी. त्यांनी सांगितलं म्हणून ठेवले, पण मला कळायला नको? दहा पावलांवरून काका परत गेले ते माझ्यामुळे. बाबा दाराकडे बघत मेले ते माझ्यामुळे. तू सांभाळून घेतलंस, पण मी आयुष्यभर हे कसं घेऊन जगू?

नेझाहतबाईंनी तिला बोलू दिलं. मग तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"तुझ्यामुळे नाही," त्या म्हणाल्या.

"माझ्यामुळेच."

"ऐक माझं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते."

नुरहानला आधी काही उमगलंच नाही.

"फाटकातून शिरताना पाहिलं मी त्याला," आई म्हणाली. "म्हटलं, वाजवू दे बेल. सव्वीस वर्षं त्या बेलची वाट बघितली, मी काय म्हणून आधी दार उघडू? वाकला, तेव्हा वाटलं, आत यायला बूट काढतोय. उठला तो हातात यांचे बूट घेऊन. तो काय समजला ते मला तिथेच कळलं, नुरहान. खिडकी उघडी होती. एक हाक मारायची होती फक्त."

"मग?"

"नाही मारली."

खालून कुठूनतरी शिट्टी ऐकू आली. आईने डोक्यावरचा रुमाल नीट केला, सोडला, पुन्हा नीट केला.

"असरपर्यंत विचारत होते ते," ती म्हणाली. "आला का? आला का? मी सांगत होते, नाही आला."

नुरहानच्या मांडीवर आईचं पाऊल होतं. टाचेत एक बारीक खडा रुतला होता. तिने तो नखाने काढला, आणि पाऊल खाली ठेवायचं की धरून ठेवायचं हे न कळून तशीच बसून राहिली.